कलावतीबाईंनी प्रस्थान ठेवलं

स्वित्झर्लंडला समुद्र नाही हे कळलं, त्याच क्षणी कलावतीबाई तांडेलांचं त्या देशाविषयीचं मत कायमचं ठरलं.

"समुद्र नाय? खाडी तरी?"

"खाडीपण नाही, आई. तळी आहेत. मोठी मोठी," सून संचिता म्हणाली.

"म्हंजे मासली बर्फातली," बाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली. चाळीस वर्षं ठाण्याहून गाडीने कल्याणच्या मंडईत जाऊन मासळी विकलेल्या बाईकडून एखाद्या राष्ट्राला याहून कडक शेरा मिळणं शक्य नव्हतं.

तरी त्या निघाल्या होत्या. खरं तर ही सहल त्यांची नव्हतीच. ती त्यांच्या मुलाची आणि सुनेची होती, आणि पंचवीस वर्षं उशिरा होत होती. साईनाथ-संचिताच्या लग्नानंतर तिसऱ्या दिवशी नवरानवरीची महाबळेश्वरची एसटीची तिकिटं काढलेली होती. त्याच सकाळी मंडईत बर्फाच्या पाण्यावरून कलावतीबाई घसरल्या आणि पाय मोडून घेतला. नव्या नवरीने हातावरच्या मेंदीसकट दीड महिना सासूचं प्लास्टर सांभाळलं. महाबळेश्वर राहिलं ते राहिलंच. त्यावर संचिता पंचवीस वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. बोलली असती तर कलावतीबाईंना तिला गप्प करता आलं असतं. न बोलणाऱ्या माणसाला गप्प कसं करायचं, ही विद्या मात्र मंडईत कोणी शिकवली नव्हती.

आता लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आला तेव्हा दोघांनी परदेशाचा बेत केला. साईनाथने घरच्या रीतीप्रमाणे विचारलं, "आई, तूपण येशील का?" त्यातला 'का' तोंडातून बाहेर पडायच्या आत आई "येते" म्हणाली. साईनाथने संचिताकडे पाहिलं. संचिताने भाजीकडे पाहिलं.

कलावतीबाईंच्या येण्याला कारण होतं, आणि ते गल्लीच्या पलीकडे राहत होतं. धाकटी जाऊ विमलाबाई. विमलाबाई एकदा दुबईला जाऊन आलेली. तेव्हापासून ती पाणीसुद्धा परदेशी असल्यासारखं पीत असे. तीन वर्षांपूर्वी एका हळदीत, भर मांडवात, ती म्हणाली होती, "कलावहिनी? त्यांची गाडी ठाणा-कल्यान. त्याच्या पुढं त्यांचा पास चालत नाय." सगळा मांडव हसला. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. समोरासमोर दारं, मधे सत्तावीस पावलांची गल्ली आणि तीन वर्षांची शांतता.

म्हणून बेत ठरल्याच्या संध्याकाळीच कलावतीबाईंनी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करून टाकलं होतं, की आपण बसमधून मेंढरांसारख्या फिरणार नाही, आगगाडीने फिरणार, पास काढून फिरणार, आणि बर्फात लुगडं नेसून उभं राहिल्याचा फोटो घेऊन येणार. पलीकडची खिडकी तेव्हा उघडी होती. बाईंनी ते आधी बघून घेतलं होतं.

संचिता डोंबिवलीच्या माहेरची, शाळेत शिक्षिका. तिने सहलीसाठी दोनशे पानी वही घातली होती. पानापानावर गाड्यांच्या वेळा: नऊ वाजून चार मिनिटांनी बसायचं, नऊ बावन्नला उतरायचं, नऊ अठ्ठावन्नला दुसरी गाडी. ही वही तिने एका रविवारी आबांना दाखवली. आबा म्हणजे मागच्या इमारतीतले निवृत्त रेल्वे कर्मचारी. त्यांची सगळी नोकरी कल्याणला पार्सल ऑफिसात गेली होती. गल्लीतल्या कोणाच्याही प्रवासाला आबांची मंजुरी लागते. शासनाने तसा नियम केलेला नाही, एवढंच.

आबांनी चष्मा पुसला, वही वाचली आणि दुःखाने मान हलवली.

"सहा मिनिटांत गाडी बदलणार तुम्ही? संचिताताई, सहा मिनिटांत आमच्या कल्याणला माणसाला चप्पल सापडत नाही."

"तिकडे सगळं वेळेवर असतं, आबा."

"तोच तर धोका आहे. आपली गाडी उशिरा येते म्हणून आपल्याला मिळते. वेळेवर येणारी गाडी आपल्याला कशी मिळणार?"

आबांनी मग पासाचा विषय काढला. पासाला फोटो लागेल, ओळखपत्र लागेल, दोन्हींच्या तीन तीन प्रती काढा, मुदत संपायच्या तीन दिवस आधी रांगेत उभे राहा. कलावतीबाई प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या. पास हा त्यांचा प्रांत होता. चाळीस वर्षांत त्या एक दिवस विनापास गाडीत चढल्या नव्हत्या. प्लास्टिकच्या पाकिटातला पास कमरेच्या बटव्यात, बटव्याला गाठ, गाठीला पिन. एकदा तिकीट तपासनिसाने पास मागितला, तेव्हा बाईंनी त्यालाच त्याचं ओळखपत्र दाखवायला लावलं होतं.

पण हा पास काढायला तिघांना कल्याणला हितेशकडे जावं लागलं. हितेशचं स्टेशनजवळ प्रवासाचं छोटंसं दुकान होतं, भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं पोस्टर आणि त्याच्या खाली घरघरणारा पंखा. हितेशने संगणक त्यांच्याकडे वळवला.

"मावशी, हा चार दिवसांचा पास. महिनाभरात कुठलेही चार दिवस. त्या त्या दिवशी देशभर पाहिजे तेवढं फिरा."

"म्हाताऱ्या मानसांना सवलत किती?"

"सवलत आहे. पंचविशीच्या आतल्यांना."

कलावतीबाईंनी त्याच्याकडे, नासका बांगडा ताजा म्हणून पुढे करणाऱ्याकडे बघावं तसं पाहिलं. "जवान पोरांना सवलत? ज्यांचे पाय धड हायेत त्यांना? आन आमचे गुडघे गेले ते फुकट?"

"मावशी, नियम माझा नाही."

"मग ज्याचा हाय त्याला फोन लाव."

हितेशने स्वित्झर्लंडला फोन लावला नाही. तो पुढे म्हणाला, की पास कागदावर नसतो, फोनमध्ये येतो. आणि त्याने पडद्यावर काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन दाखवला.

"हा माझा पास? यात माझं तोंड कुठाय?"

"तोंड लागत नाही, मावशी. पासपोर्टवरचं नाव जुळलं की झालं."

ज्या रेल्वेला आपलं तोंड बघायचं नाही तिच्यावर कितपत विश्वास ठेवावा, असा प्रश्न बाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. शेवटी त्यांनी एक अट घातली: माझा पास माझ्या फोनात. तो साईनाथच्या फोनात राहणार नाही, संचिताच्या राहणार नाही. "माझा पास आजवर दुसऱ्याच्या बटव्यात गेला नाय."

मग आला काचेच्या गाडीचा मुद्दा. संचिताच्या वहीत या गाडीला एक अख्खं पान होतं, आणि त्या एकाच पानावर तिने रंगीत पेन वापरलं होतं. मोठमोठ्या काचांची गाडी, छतापर्यंत काच, दिवसभर डोंगरदऱ्यांतून जाणारी. हिला पास चालतो, पण जागा वेगळी राखून ठेवावी लागते. हितेशने बघितलं. त्या दिवशी दोन जागा शेजारी शेजारी होत्या, खिडकीला. तिसरी दुसऱ्या डब्यात.

हितेशने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"मी आन साईनाथ एकत्र बसू," कलावतीबाई म्हणाल्या. "संचिता शिकलेली हाय. ती एकटी बसेल."

साईनाथ काहीतरी म्हणणार होता, पण तो पन्नाशीला आलेला मुलगा होता आणि समोर आई होती. संचिताने वही उघडली आणि रंगीत पानावर लिहिलं: आई, साईनाथ: खिडकी. मी: पुढचा डबा. पेन जरा जास्त दाबून लिहिलं असावं. पुढच्या पानावरसुद्धा ते उमटलं होतं.

त्यानंतर व्हिसा. व्हिसाच्या ऑफिसात काचेवर बोटं टेकवायची होती. कलावतीबाईंनी टेकवली. यंत्राने नकार दिला. पुसून टेकवली. नकार. तिथल्या मुलीने ओल्या कागदाने बोटं पुसली, मग कोरड्याने, मग स्वतः दाबून धरली. यंत्राच्या मते कलावतीबाई या इसमाला बोटंच नव्हती.

"आजी, ठसे दिसतच नाहीयेत. काय काम करायचात तुम्ही?"

"कोलंबी सोलायची. चालीस वर्सं. ठसे त्या कोलंबीवर गेले, तिला विचार."

मागच्या रांगेतले लोक हसले. बाईंना मात्र ते लागलं. आयुष्यभर ज्या हातांनी घर उभं केलं, ते हात एका काचेला ओळखू येऊ नयेत? संचिता पुढे झाली. तिने पर्समधून क्रीमची डबी काढली आणि सासूची दहाही बोटं एकेक करून चोळली, मुकाट्याने. चौथ्या खेपेला यंत्राने हार मानली. कलावतीबाई "त्या डबीचा फार वास मारतो" एवढंच बोलल्या. त्यांच्या भाषेत हे आभार होते, पण ती भाषा संचिताला अजून पुरती येत नसावी.

व्हिसा आला, विमानाची तिकिटं आली. तिकीट होतं रविवारचं. आणि इथे आबांनी पंचांग उघडलं.

आबांचं रेल्वेच्या वेळापत्रकाइतकंच पंचांगावर प्रेम. "रविवारी पश्चिमेला दिशाशूल," ते गंभीरपणे म्हणाले. म्हणजे रविवारी पश्चिम दिशेला प्रवासाला निघू नये. आणि स्वित्झर्लंड, कसाही बघितला तरी, पश्चिमेलाच पडतो.

"तिकीट बदलू?" कलावतीबाईंनी विचारलं. साईनाथने कप खाली ठेवला.

"छे छे. प्रस्थान ठेवा. गुरुवारी दहा चाळीसला उत्तम वेळ आहे."

प्रस्थान ही जुन्या माणसांनी काढलेली फार सोयीची वाट. मुहूर्त एका दिवशी आणि निघणं दुसऱ्या दिवशी असलं, की मुहूर्तावर आपल्या सामानातलं एक गाठोडं घराबाहेर काढायचं आणि जायच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. नंतर राहू दे की तो चार दिवस घरात झोपलेला. जाताना ते गाठोडं बरोबर घ्यायचं, झालं. नियतीला फसवण्याची इतकी सभ्य पद्धत दुसरी नसेल.

अडचण एकच. पश्चिमेला घर कोणाचं? आबांचं दक्षिणेला. किराणावाल्याचं पूर्वेला. पश्चिमेला सत्तावीस पावलांवर एकच दार होतं, आणि ते विमलाबाईचं.

बुधवारची रात्र कलावतीबाईंनी कुशी बदलत काढली. गुरुवारी सकाळी त्यांनी लाल फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड, एक नाणं आणि नवं खणाचं पोलकं बांधलं. मग विचार केला, की तांदूळ-सुपारीला विमानात कोण विचारतंय? विचारतात ते पासपोर्टाला. पासपोर्ट निघाला म्हणजे खरे निघालो. त्यांनी कपाटातून तिघांचे पासपोर्ट काढून गाठोड्यात घातले आणि वर दुहेरी गाठ मारली.

राहिला पास. पास फोनमध्ये, आणि फोन काही गाठोड्यात बांधता येईना. पण संचिताने त्यांना सगळं नीट शिकवलं होतं: इथे तारीख निवडायची, इथे दाबायचं, हिरवी खूण आली की दिवस चालू. चौथी पास बाईंनी ते एकदाच ऐकून पाठ केलं होतं. बरं, पास म्हणजे काय हे त्यांना चाळीस वर्षं माहीत होतं. पास एकदा सुरू करायचा, मग तो चालत राहतो. तीन तारखेला काढला काय आणि रविवारी वापरला काय. सुरुवात मात्र चांगल्या वेळेला व्हावी. दहा चाळीसला त्यांनी देवाला हात जोडले, तारीख निवडली आणि बोट दाबलं. ज्या बोटाला व्हिसाचं यंत्र ओळखत नव्हतं, त्याला फोनने पहिल्या फटक्यात ओळखलं. हिरवी खूण आली. बाईंनी फोनलाही हळदकुंकू लावलं आणि गाठोडं घेऊन गल्ली ओलांडली.

विमलाबाईने दार उघडलं. तीन वर्षांनी दोघी समोरासमोर.

"प्रस्थान ठेवायचं हाय," कलावतीबाई तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाल्या. "तुझं घर पश्चिमेला पडतंय. माझा इलाज नाय."

"मग ठेवा की. घर काय मी उचलून पूर्वेला नेनार हाय?" विमलाबाईने पदर खोचला आणि गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं, अगदी मानाने. "आत या. च्या टाकते."

"च्या नको. मी काय बसायला आलेली नाय."

आणि त्या सत्तावीस पावलं परत आल्या, मान ताठ.

शनिवारी दुपारी साईनाथने कपाट उघडलं. मग दुसरं कपाट. मग गाद्या उचलल्या.

"आई, पासपोर्ट बघितलेस?"

"ते गेले."

"कुठे गेले?"

"पश्चिमेला."

संचिताच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. प्रस्थानाची हकिगत ऐकून साईनाथ चप्पल न घालताच गल्लीत धावला, आणि धावला तसाच परत आला. विमलाबाईच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, ती सकाळीच टिटवाळ्याला गेली, मुलीकडे, नीरजाकडे. नीरजाने तिकडे नवा फ्लॅट घेतलाय. फोन लावला, तर तो कुलपाच्या आत वाजताना ऐकू आला. नीरजाचा नंबर साईनाथने मिळवला कसाबसा, तर तिने सांगितलं, "हो दादा, लाल गाठोडं ना? आई घेऊनच आलीय."

विमान पहाटेचं. आणि पश्चिमेला निघालेले तीन पासपोर्ट तीस किलोमीटर पूर्वेला जाऊन बसले होते.

तिघे टिटवाळ्याला पोचले तेव्हा चार वाजले होते. स्टेशनाबाहेर सगळीकडे नव्या इमारती, सगळ्या एकाच रंगाच्या, आणि निम्म्यांची नावं एकाच देवाची. तीन चुकीच्या लिफ्टमधून वरखाली केल्यावर चौथ्या इमारतीत सातव्या मजल्यावर विमलाबाई भेटली. गाठोडं तिने देवघरात पाटावर ठेवलेलं, पुढे निरांजन, बाजूला दोन केळी.

"काकी, तुम्ही हे इथे का आणलंत?" साईनाथ जवळजवळ रडकुंडीला आला होता.

"प्रस्थान कुलपात ठेवायचं? जानाऱ्याची वाट बंद होते, बाबा. तुझ्या आईशी माझं भांडन हाय, तिच्या वाटेशी नाय."

कलावतीबाईंनी हे ऐकलं आणि खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, अर्धवट बांधलेली एक टाकी होती.

पासपोर्ट मिळाले. तिन्ही शाबूत, दोन तांदळाचे दाणे चिकटलेले. संचिता पलंगावर बसली आणि म्हणाली, आता काही राहायला नको, सगळं एकदा बघून घेते. तिने विमानाची तिकिटं बघितली, हॉटेलं बघितली, स्वतःचा पास, साईनाथचा पास. मग सासूचा फोन मागून घेतला. पडद्यावर हळदकुंकवाचा डाग होता. तो तिने पुसला आणि थबकली.

"आई... तुमच्या पासातला एक दिवस वापरलेला दाखवतंय. गुरुवारचा."

"मी चालू केला. मुहूर्तावर," बाई ताठ मानेने म्हणाल्या.

साईनाथने फोन ओढून घेतला. "म्हणजे गुरुवारी दिवसभर आई स्वित्झर्लंडच्या..." तो पुढे बोलणार, तेवढ्यात संचिताने त्याच्या पायावर पाय दिला.

विमलाबाईचे कान टवकारले होते. "काय झालं? वहिनी, काय चुकलं काय?"

काय झालंय ते आता कलावतीबाईंना समजलं होतं. त्या चौथी शिकलेल्या होत्या, मूर्ख नव्हत्या. चार दिवस म्हणजे चार. हा पास चालत राहत नाही, दिवसागणिक संपतो. त्यांनी एक अख्खा दिवस ठाण्यातल्या कोलशेतच्या आपल्याच गल्लीत उडवला होता, आणि आता हे विमलाबाईसमोर उघड होणार होतं. उद्या हळदीच्या मांडवात काय काय होणार, ते त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"काही नाही, काकी," संचिता शांतपणे म्हणाली. "आईंनी सगळं बरोबर केलंय. हे असं पुढेमागे दाखवतं कधी कधी. चला, निघूया आपण."

तिने फोन सासूच्या हातात दिला. पंचवीस वर्षांपूर्वी प्लास्टरच्या पायाखाली उशी सरकवायची तसाच, आवाज न करता.

टिटवाळ्याच्या फलाटावर गाडीला वीस मिनिटं होती. साईनाथ पाण्याची बाटली आणायला गेला. कलावतीबाई बाकावर बसल्या, मांडीवर लाल गाठोडं.

"आता खरं सांग. किती राहिले माझे?"

"तीन."

"आन लागतात किती?"

संचिताने बोटांवर मोजलं नाही, तिला पाठच होतं. "विमानतळावरून गावी जायचा एक. परत यायचा एक. बर्फाच्या डोंगराचा एक. आणि काचेच्या गाडीचा एक. पण आई, काळजी करू नका. एका दिवसाचं साधं तिकीट काढू की तुमचं."

"त्या गुरुवारचा परत नाय मिलनार?"

"नाही. तो गेला."

कलावतीबाईंनी गाठोड्याची गाठ घट्ट केली. मग म्हणाल्या, "वही काढ. आन पेन."

"कशाला?"

"काढ सांगते ना."

संचिताने वही दिली. बाईंनी पानं उलटली. लिहिलेलं वाचायला त्यांना वेळ लागत असे, पण रंगीत पान सापडायला वेळ लागला नाही. 'आई, साईनाथ: खिडकी' या ओळीवर त्यांनी पेन टेकवलं आणि 'आई' वर आडवी रेघ मारली. मग खालच्या ओळीतल्या 'मी' पासून एक बाण काढून तो खिडकीपर्यंत नेला. बाण जरा वाकडा गेला, बोंबलासारखा.

"आई, अहो पण..."

"पन नाय न बिन नाय. मी त्या गाडीत बसनार नाय. मंडईत आम्ही पापलेट बर्फात ठेवायचो, काचेच्या मागं, आन लोक बघत जायचे. मी काय पापलेट हाय? तुम्ही दोघं जा. मी तल्याच्या काठाला बसते. त्यांच्या मासलीचे डोले बघते लाल हायेत का."

"दिवसभर एकट्या?"

"चालीस वर्सं टोपली घेऊन एकटीच बसलेली मी. आन ऐक." बाईंनी वही मिटून तिच्या हातात दिली. "महाबलेश्वराला काच नव्हती. म्हंजे हे त्याच्यापेक्षा बरं."

संचिता काही बोलली नाही. ती तशीही बोलत नसे. पण या वेळी ती ज्या प्रकारे बोलली नाही, तो प्रकार वेगळा होता, आणि कलावतीबाईंना तो समजला. साईनाथ बाटली घेऊन आला तेव्हा सासूच्या मांडीवरचं गाठोडं सुनेच्या मांडीवर होतं आणि दोघी मिळून प्रस्थानाचं केळं खात होत्या.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"तुझं काय काम हाय?" आईने विचारलं.

बारा दिवसांनी कलावतीबाई परत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गल्ली ओलांडून गेल्या. बरोबर डब्यात चॉकलेट, हातात फोन. विमलाबाई दारातच कोथिंबीर निवडत होती. फोटो बघताना तिने चष्मा लावला. बर्फ होता. बर्फात लुगडं होतं, लुगड्याखाली साईनाथचे बूट होते, आणि वर कलावतीबाईंचा चेहरा, सगळा डोंगर आपणच विकायला बसल्यासारखा.

विमलाबाईने मान्य केलं, की फोटो चांगला आहे. हे मान्य करायला तिला कोथिंबिरीची अर्धी जुडी लागली. मग तिने बोट सरकवून पुढचा फोटो आणला. मोठ्या काचेपाशी साईनाथ आणि संचिता, डोकं डोक्याला लागलेलं, मागे दरी. पन्नाशीची माणसं, पण कोणी बघितलं तर कालच लग्न झालंय म्हणावं.

"ही काचेची गाडी ना? पोरांनी सांगितलेलं. आन तुम्ही कुठं हायेत यात?"

कलावतीबाईंनी आजूबाजूला बघितलं. गल्लीत कोणी नव्हतं. आबांची खिडकी बंद होती. आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते करायला यापेक्षा बरी वेळ मिळणार नव्हती, पंचांग न बघतासुद्धा हे कळत होतं.

"मी नाय गेली. माझ्या पासाचा तो दिवस आधीच संपलेला."

"कुठं संपला?"

"इथं." बाईंनी स्वतःच्या दाराकडे बोट दाखवलं आणि ते हळूहळू विमलाबाईच्या उंबऱ्यापर्यंत आणलं. "तिथनं इथपर्यंत. गुरुवारी, दहा चालीसला. गाठोडं घेऊन. सत्तावीस पावलं, विमल, स्वित्झर्लंडच्या पासावर. इतक्या महागाच्या रस्त्यानं मी उभ्या जन्मात चालली नाय."

विमलाबाईने चष्मा काढला. तीन वर्षांपूर्वीच्या मांडवात हशा पिकवणारी बाई ती. कलावतीबाई मान ताठ करून उभ्या होत्या. आता काय यायचं ते येऊ दे.

विमलाबाईने कोथिंबिरीचं ताट उचलून बाजूला केलं आणि दारात वाट करून दिली.

"आन एवढं करून त्या दिवशी च्यापन न पिता गेलात? या आत. तिकीट तरी वसूल करा."